गिरजाची ओ

चार गावांत माझ्यासारखा आवाज काढणारा माणूस नाही. मोर म्हणा, रानडुक्कर म्हणा, तहसीलदार म्हणा, कोणाचाही काढून देतो. एकदा मी रानात वाघाची डरकाळी दिली तर समोरच्या टेकडीवरून खऱ्या वाघानं मला उलटी डरकाळी दिली. ही गोष्ट मी पंचवीस वर्षं सांगत आलो. आता म्हातारपणी खोटं कशाला बोलू? तो वाघ म्हणजे माझा साळा देवराव होता, आणि मी एक वहाण जागेवर टाकून पळालो होतो. ती वहाण त्यानं सहा महिने आपल्या ओसरीला टांगून ठेवली होती.

माझं नाव गुलाब. चौथी शिकलो, तीही दोनदा, म्हणजे बेरीज केली तर आठवी झाली. मास्तरांना ही बेरीज मान्य नव्हती.

चिमणी जरा मोठी करा. गोष्ट दिवसाढवळ्याची आहे, भर मे महिन्यातली, पण सांगताना मला उजेड लागतो. आणि हो, मधेच उठून दाराबाहेर पाहून आलो तर हसू नका. सवय आहे.

चौऱ्याऐंशी साल. आमचा पळसटोला नागभीडपासून सात कोस, मधे सगळं रान. मे महिन्यात तेंदूची पानं निघतात. बाया-पोरी पहाटे रानात जायच्या, पानं तोडायच्या, आणून पुडे बांधायच्या, आणि ते पुडे गावाबाहेरच्या उघड्या मैदानात उन्हात ओळीनं मांडायच्या. त्या मैदानाला आम्ही फडी म्हणतो. फडीवर एक मुंशी, आणि मुंशीच्या हाताखाली मी. माझं काम काय, तर पानांवर पाणी शिंपडायचं आणि गाई हाकलायच्या. म्हणजे बसायचं काम.

त्या दिवशी सकाळी मुंशी म्हणाला, "गुलाब, आज ट्रक लवकर येते. रानात जाय आन बायायले सांग, पटपट निंगा म्हणा." मी निघालो. एवढंच काम होतं.

आता रानातली एक रीत सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. रानात बाया एकमेकींना नावानं हाक मारत नाहीत. नाव ऐकलं की रान ते पाठ करतं, असं म्हणतात. म्हणून प्रत्येकीची ओ ठरलेली. निघायची वेळ झाली की सगळ्यांत मोठी बाई तोंडाला ओंजळ लावून लांब हाक देते, आणि जिथं जिथं पांगल्या असतील तिथून एकेक जण आपापल्या सुरात ओ देते. ती बाई बोटांवर धरते. सगळ्यांची ओ आली की मोठ्यानं म्हणते, "झालं!" झालं म्हटलं की त्या दिवसापुरतं रान बंद. मग पुन्हा हाक द्यायची नाही. कारण झालं म्हटल्यावर जी ओ येते ती आपल्या माणसाची नसते.

आमच्या टोळीत मोठी रुखमाबाई. लहान दोघी, एक माझी नातीण कांता, पंधराची. तिची माय लहानपणीच गेली, म्हणून ती माझ्या आणि बायनाबाईच्या घरी वाढली. बायनाबाई म्हणजे आमचं घरचं सरकार. दुसरी गिरजा, चौदाची, शालिकरामची पोरगी. शालिकराम बौद्ध मोहल्ल्यातला, गावात पेपर वाचणारा एकटा माणूस. भूत म्हटलं की हसायचा. म्हणायचा, "गुलाबभाऊ, बाबासाहेबानं आमाले पुस्तक देलं, भूत नाई देलं." दोघी पोरी कोंबडीच्या पिलासारख्या एकमेकीला चिकटून फिरायच्या.

कांताची ओ दोन तुकड्यांची, वर चढायची आणि शेवटी टिटवीसारखी मोडायची. गिरजाची सरळ, लांब, दोरी टाकल्यासारखी.

नऊ वाजले असतील. साजाच्या, म्हणजे ऐनाच्या झाडांच्या, उतारावर पोचलो तर एका झाडाला कांताचा पाण्याचा तुंबा टांगलेला, खाली गिरजाचं पानांचं गाठोडं. पोरी दिसेनात. मला वाटलं, नाल्यावर पाणी प्यायला गेल्या. तेवढ्यात वरून रुखमाबाईची हाक आली. एकीची ओ आली, दुसरीची आली, पाच जणींच्या आल्या. कांताची येईना.

आणि माझ्या अंगातला मस्करीचा किडा वळवळला.

मी म्हटलं, आपणच कांताची ओ द्यावी. रुखमाबाई झालं म्हणून निघून जाईल, पोरी नाल्यावरून येतील, पाहतील तर कोणी नाही, आणि मग मी झुडपातून बिबट्या काढीन. काय पळतील! मी ओंजळ लावली आणि दिली. हुबेहूब. फक्त शेवटी दम सुटला तेव्हा छातीतून बिडीची बारीक शिटी वाजली. ती माझी जुनी खोड. पण रुखमाबाई लांब होती.

मग गिरजाची ओ आली. नाल्याच्या अंगानं, सरळ, लांब. मी मनात म्हटलं, हां, तिथंच आहेत.

वरून रुखमाबाई ओरडली, "झालं!"

मी झुडपात बसलो. तोंडावर हात, हसू दाबून. बसलो, बसलो, मुंग्या मांडीवर चढल्या. पोरी येईनात. मग वाटलं, या कार्ट्या आजाच्याही वरताण निघाल्या, मला झुडपात ठेवून पलीकडच्या वाटेनं गेल्या. मी कपडे झटकले आणि परत आलो. मुंशीचा निरोप सांगायचा राहिला तो राहिलाच.

बारा वाजता कळलं की पोरी फडीवर नाहीत. घरीही नाहीत.

मग जे सुरू झालं ते मला सांगता येत नाही नीट. ऊन असं की पायाखालची माती तव्यासारखी. रुखमाबाई छाती ठोकून सांगत होती, "नवाच्या सुमाराले दोघीनं ओ देली. माह्या कानानं आयकली. मंग वाटंतच काई झालं त्यायले." म्हणून माणसं वाटेनं धावली, तळ्यावर गेली. ढिवरांनी तळ्यात जाळं टाकलं. तळ्याच्या काठावर बायनाबाई उभी होती, पदर तोंडात धरून, आणि जाळं वर आलं की डोळे मिटत होती.

मी तिच्याजवळच उभा होतो. मला माहीत होतं की नऊ वाजता कांतानं ओ दिली नाही. पण तोंड उघडेना. वाटायचं, आता येईल कार्टी झाडामागून. तीन वेळा जाळं वर आलं. तीन वेळा मी गप्प. आयुष्यात एवढा गप्प मी मास्तरांसमोरही बसलो नव्हतो.

मग गुरं राखणारा इसरू आला. पन्नाशीचा, उन्हानं काळा पडलेला माणूस.

"जीप पाह्यली जी मी," तो म्हणाला. "पांढरी. सकाळी आठाले. जुन्या लाकूडतोडीच्या कूपाकडं आत गेली. काळ्या चष्म्याची बाई होती मांगं."

शालिकराम गर्रकन वळला. "बाहीर आली का?"

"नाई. मी बारापर्यंत वाटंवरच होतो. नाई आली."

काळ्या चष्म्याची बाई आम्हाला माहीत होती. दोन दिवसांपूर्वी बाजारात आली होती. म्हणे नागपुरात शिलाईची मशीन शिकवतात, राहायला फुकट, फक्त पोरी पाहिजेत, शिकलेल्या असल्या तर बरं. संध्याकाळच्या छोट्या रेल्वेगाडीनं नागभीडवरून नेतो म्हणे. गिरजा घरी येऊन बापाला म्हणाली होती, मी जाऊ का? शालिकरामनं नाही म्हटलं होतं.

"पण आठाले जीप गेली," रुखमाबाई म्हणाली, "आन नवाले पोरीयनं ओ देली. मंग जीपीत कशा असतीन त्या?"

सगळ्यांनी माना हलवल्या. बरोबर आहे. माणसं पुन्हा तळ्याकडं वळली. जाळं पुन्हा पाण्यात पडलं.

तेव्हा माझ्या तोंडातून निघालं, "कांताची ओ मी देली."

कोणी हसलं नाही.

"मस्करी करून राह्यले का तुमी?" बायनाबाई म्हणाली.

"नाई."

ती मारेल वाटलं. मारलं असतं तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, "तुमच्या समद्या मस्कऱ्या मी आजपावतर पदराखाली घेतल्या. हे नाई घेत."

शालिकराम माझ्यासमोर आला. त्याचा आवाज अगदी हळू होता. "आन माह्या गिरजाची?"

"थे मी नाई देली."

"गुलाबभाऊ, पोरगी गेली माही. आता तरी खरं बोल."

"कांताच्या गळ्याची आन. एकच देली. गिरजाची नाल्याकडून आली. मले वाटलं, गिरजाच हाय."

माझ्यावर कोणाचाही विश्वास बसला नाही, आणि का बसावा? ज्यानं जन्मभर लांडगा आला सांगितलं त्याच्यावर बसेल? शालिकरामनं कुऱ्हाड घेतली. "चाल. जिथी देली तिथी दाखव. गाडी निंगायच्या आत."

आम्ही चौघं निघालो. शालिकराम, इसरू, रुखमाबाई आणि मी. साजाच्या उतारावर पोचेस्तोवर तीन वाजले होते. तुंबा तसाच टांगलेला. पानं वाळून कुरकुरत होती, रातकिडे दिवसा ओरडतात ना उन्हाळ्यात, तसे ओरडत होते, कान फाटेल एवढे. मोहाचा आंबूस वास, आणि कुठूनतरी जळक्या पाल्याचा. जुन्या कूपाच्या तिथून तीन वाटा फुटतात आणि तिन्हींवर सगळा मुरूम. जीपचा माग दिसेना.

"हाक दे," मी रुखमाबाईला म्हटलं.

"मी नाई देत."

"काऊन?"

"झालं म्हणून बसली ना मी सकाळी. आता जे ओ येईल..."

शालिकराम चिडला. "पोरी मरून राह्यल्या आन तुमची रीत काय घेऊन बसल्या?"

मग मी दिली. रुखमाबाईच्या आवाजात. लांब, जशी ती देते.

रातकिडे थांबले. एकदम, सगळे. तुम्ही कधी भर उन्हात एवढी शांतता ऐकली नसेल. पान पडलं तरी मान वळत होती.

आणि उत्तरेकडून ओ आली. दोन तुकड्यांची. वर चढली, टिटवीसारखी मोडली.

"कांता!" इसरू म्हणाला. शालिकराम पळत सुटलाच. मीही पळणार, तर रुखमाबाईनं माझं मनगट धरलं. तिचा हात एवढ्या उन्हात गार होता.

"गुलाब... शेवटाले आयकलं का?"

ऐकलं होतं. बारीक शिटी. बिडीची.

"थे कांताची ओ नोय रे," ती म्हणाली. "थे तुही ओ हाय."

माझ्या पाठीतून घाम उलटा वर गेला. माझीच ओ. सकाळी मी झुडपात बसून दिली होती, जशीच्या तशी, खोडीसकट. कोणीतरी ती ऐकून पाठ केली होती आणि आता मला परत देत होतं.

मी शालिकरामला ओरडून सांगितलं. तो थांबला, धापा टाकत. एक क्षणभर त्याच्या तोंडावरही काहीतरी येऊन गेलं, मी पाहिलं. मग तो म्हणाला, "कोणाची का असंना. दिशा तं भेटली."

म्हणून आम्ही गेलो. मी हाक द्यायचो, ओ यायची. पुन्हा दिली, पुन्हा आली, तेवढीच लांब. आम्ही पाचशे पावलं चाललो तरी ती पाचशे पावलं पुढंच. एकदा माझा घसा सुकला, मी हाक दिलीच नाही.

ओ आली.

रुखमाबाई मटकन खाली बसली. इसरूनं तिला हाताला धरून उठवलं. मागं पाहायचं नाही, पुढं थांबायचं नाही, बस. माझे पाय पळायला पाहत होते, घरच्या बाजूनं. पण घरी बायनाबाई होती, आणि कांताशिवाय त्या घरात जायची माझी छाती नव्हती. म्हणून पुढं गेलो. याला कोणी हिंमत म्हणू नका.

उन्हं तिरपी झाली तेव्हा झाडीतून झोपडी दिसली. जुन्या कूपातली, लाकूडतोडीच्या वेळची, अर्धी मोडलेली. बाहेर पांढरी जीप. एक आडदांड माणूस बोनेट उघडून पाणी ओतत होता, आणि ती बाई घड्याळात पाहत होती. आता निघणारच होते.

आम्ही चौघं, त्यात एक म्हातारी आणि एक मी. शालिकराम कुऱ्हाड घेऊन सरळ जायला निघाला. मी त्याचा सदरा ओढला. म्हटलं, थांब, आजवर फुकट केलं, आज कामाला लागू दे.

मी आधी जमादार काढला. "घेरा डालो! बंदूक तान के रख्खो! कोई भागने नै पाये!" मग उजवीकडं सरकून दोन शिपाई काढले, डावीकडं सरकून तीन. मग शिट्टी. मग बुटांचा आवाज काढला तोंडानं, तो कसा काढायचा ते मी कोणाला सांगणार नाही. इसरूनं झाडांवर काठ्या बडवल्या. रुखमाबाई तर अशी ओरडली की मीच घाबरलो. बोनेट तसंच आपटलं, बाई आत, माणूस आत, आणि जीप झाडं मोडत गेली. ती जीप दुसऱ्या दिवशी नागभीडच्या अलीकडं रिकामी सापडली. माणसं आजवर सापडली नाहीत. ठाण्यात माझा जबाब लिहिताना खऱ्या जमादारानं मला तो आवाज दोनदा काढायला लावला.

शालिकरामनं दाराची साखळी तोडली.

आत दोघी होत्या. पाठीला पाठ लावून बांधलेल्या. कांताचं तोंड कुडाकडं, गिरजाचं आतल्या बाजूला. दोघींच्या तोंडाला पट्ट्या, कांताच्या तोंडात तर अख्खा पंचा कोंबून वरून पट्टी आवळली होती. गाठ मला दातानं सोडवावी लागली. पट्टीचे वळ गालात एवढे खोल गेले होते की आठ दिवस राहिले. त्या तोंडातून ओ काय, हुंकार निघाला नसता.

कांता पहिल्यांदा खोकली, मग रडली, मग मला बुक्क्या मारायला लागली.

"आजा, कवापासून तुमी ओ देऊन राह्यले! आत काऊन नाई आले?"

"मी? कुठून?"

"झोपडीमांगून! सकाळपासून! मले वाटलं आजा आला, आता सोडवते, आता सोडवते... आन तुमी नुसतेच ओ देऊन राह्यले माह्या आवाजात..."

मी झोपडीमागं जाऊन पाहिलं. वाळका पाला होता, गुडघाभर. त्यावर एक पाऊल नव्हतं.

बापानं गिरजाला उचलून घेतलं तरी ती त्याच्या खांद्यावरून मागं, रिकाम्या झोपडीत पाहत होती.

बायनाबाई माझ्याशी सव्वा महिना बोलली नाही. कांताचं पुढं लग्न झालं, बरी आहे, पण रानात जात नाही. मी मात्र काय, सुंभ जळला तरी पीळ जात नाही. वर्षभरानं मी ही गोष्ट सांगायला लागलो. आधी हळूहळू, मग मीठमसाला लावून. म्हणायचो, रानात माझा एक भाऊबंद आहे, माझ्यासारखाच मस्करीखोर. सकाळी गिरजाची ओ देऊन त्यानं सगळ्यांना फसवलं, दुपारी कांताची देऊन वाट दाखवली, त्याच्या मनात वाईटही नाही आणि चांगलंही नाही, त्याला फक्त गंमत पाहिजे. लोक हसायचे. मीही हसायचो, आणि रात्री दोनदा उठून कडी पाहायचो.

गिरजा समोर असली की गोष्ट सुरू होताच उठून जायची. आता ती चंद्रपूरला नर्सचं शिकते. या दिवाळीत घरी आली होती. शालिकरामच्या अंगणात चहा चालू होता, मी गोष्ट काढली, आणि ती पहिल्यांदाच उठली नाही. मला आणखी चेव आला.

"काय नर्सबाई," मी म्हटलं, "माही चोरी मी कबूल केली, चारचौघात. आता तू कर. सकाळची तुही ओ तूच देली ना? पट्टी ढिली असन जराशी. उगाच माह्या त्या झोपडीमांगच्या भाऊबंदाले बदनाम काऊन करतं?"

शालिकराम हसला. गिरजानं कप खाली ठेवला.

"झोपडीमांगं कोणी नोतं, आजा," ती म्हणाली. "थे तिसरी आतच होती, माह्यासमोर बसून. आमचे दोघीचे तोंड बांधले होते. तिचं कोणी बांधलंच नोतं."